चाळिसातले अकरा

जालना जिल्हा झाला त्या साली धुळाजीचं दुकान चालायला लागलं. एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात जालना औरंगाबादपासून वेगळा निघाला आणि गावातल्या झाडून सगळ्या पिशव्या, पाकिटं, पावतीपुस्तकं एकदम चुकीची ठरली. सगळ्यांवर 'जि. औरंगाबाद' होतं. ते काढून 'जि. जालना' करायचं, तेही जल्दी. मोठ्या छापखान्यांना उसंत मिळेना, तेव्हा लोक मस्तगडातल्या बोळात धुळाजीकडे यायला लागले.

दुकान म्हणजे एकच खोली. लाकडी टेबल, बारीक जाळी ताणून बसवलेल्या चौकटी, शाईचे डबे, आणि छापलेला माल वाळत घालायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. अक्षर उतरवून घेतलेल्या जाळीवर शाई ओतायची, रबराची पट्टी एका दमात ओढायची, की खाली कापडावर अक्षर उमटतं. जितके रंग तितक्या जाळ्या. हे काम धुळाजी एका बियाण्याच्या कंपनीत शिकला होता. कापसाच्या, मिरचीच्या बियाण्याच्या छोट्या कापडी पिशव्या तिथं हजारांनी छापायचे. मूळचा तो जांब समर्थकडचा. बाप मल्हारी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारा. बहात्तरच्या दुष्काळात कळप मोडला आणि धुळाजी जालन्याला आला तो आलाच. शाळा चौथीपर्यंत. पण कुठलंही अक्षर एकदा नजरेखालून गेलं की हुबेहूब उतरवायचा. "वाचता न्हाई आलं तरी चालतंय, अक्षराचं अंग कळलं पायजे," म्हणायचा.

त्याची बायको आसराबाई पिशव्या दोरीवर टाकायची आणि वाळल्या की उतरवायची. मूलबाळ नव्हतं. दोघांचा दिवस त्या खोलीतच जायचा.

त्र्याऐंशी साली बद्रीनाथ त्या खोलीत आला.

जुन्या जालन्यात सर्जेरावांची धान्याची अडत होती. माणूस भारदस्त, अंबडकडं काळीभोर जमीन, गावात शब्दाला वजन. उषा ही मुलगी लग्न होऊन औरंगाबादला गेलेली आणि बद्री हा एकुलता मुलगा. तो मुंबईला चित्रकला शिकायला गेला आणि सात वर्षांनी दाढी वाढवून परत आला. नोकरी नाही, लग्न नाही. सर्जेरावांनी त्याला अडतीवर बसवलं. "गिऱ्हाईक धान्य दाखवतंय अन् हा वहीत त्याचं नाक काढतोय," असं ते चारचौघांत बोलायचे. त्या दिवशी अडतीच्या पिशव्या छापायला टाकून ये म्हणून त्याला पाठवलं होतं.

पिशव्यांचं राहिलं बाजूला. कोपऱ्यात बिघडलेल्या मालाचा ढीग होता. त्यातली एक पिशवी उचलून बद्री उजेडात गेला. कापसाचं बोंड होतं. हिरवा रंग सरकून बोंडाच्या डोक्यावर चढलेला, गुलाबी भलतीकडेच.

"हे काय आहे?"

"बिघडलेलं हाय बद्रीभाऊ. टेबल हाललं."

"मला दे."

"अहो, चांगली देतो की."

"चांगली नको. हीच दे," बद्री म्हणाला, आणि हसायला लागला. धुळाजीला वाटलं, शिकून याचं डोकं फिरलंय. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही आला, आणि महिनाभरात दोघांनी मिळून पहिलं चित्र छापलं. तेच कापसाचं बोंड, पण जाड कागदावर, बारा वेळा, बारा भडक रंगांत, शेजारी शेजारी. बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र एवढं मोठं झालेलं बघून आसराबाई म्हणाली, "डोळ्याला लागतंय, पर सोडू वाटंना."

चाळीस प्रती झाल्या तसा बद्री म्हणाला, "बास. आता जाळ्या धुऊन टाक."

"चाळीसच? ह्या जाळ्या चारशे काढतील."

"चाळीसच."

"कामून पण?"

बद्रीनं जरा विचार केला. "तुझ्या बापाकडं मेंढरं किती होती?"

"असतील ऐंशीक."

"एखादं हरवलं तर कळायचं?"

"बराबर कळायचं. तोंडावरून वळखायचा बाप."

"आणि चारशे असती तर?"

"तरी वळखली असती," धुळाजी म्हणाला. बद्री हसला. पण जाळ्या मात्र धुवाव्याच लागल्या. रॉकेलचा बोळा फिरवून धुळाजीनं चांगल्या जाळ्यांवरचं चित्र एकेक करून पुसलं. पंधरा दिवसांची मेहनत तासाभरात वाहून गेली. मग बद्रीनं शिसपेन्सिल घेतली, प्रत्येक कागदाच्या खाली डाव्या कोपऱ्यात नंबर घातला, १/४०, २/४०, आणि उजव्या कोपऱ्यात सही केली. फक्त 'बद्री'. त्यातली वेलांटी डावीकडे कलायची, वाऱ्यानं वाकल्यासारखी.

एक नंबर त्यानं धुळाजीच्या हातात दिला. "पहिला तुझा. दरवेळी."

पाच वर्षांत पाच चित्रं झाली. बोंडानंतर अर्धी कापलेली मोसंबी, मग गोटीसोड्याची बाटली, एसटीचं तिकीट, काडीपेटी. प्रत्येकाच्या चाळीस प्रती, एक जास्त नाही. मुंबईला पाठवली, तिकडं कुणी विचारलं नाही. औरंगाबादला एका हॉलमध्ये मांडली. लोक आले, चहा पिऊन गेले. बद्रीनं मग ती वाटायलाच सुरुवात केली. चहावाल्याला एक, न्हाव्याला एक, एसटीच्या कंडक्टरला तिकिटाचं. "चित्र घरात पायजे, ट्रंकेत न्हाई," म्हणायचा. लोकही खुशीनं न्यायचे. रंगीत होतं आणि फुकट होतं.

धुळाजीच्या आयुष्यात तेवढी पाच वर्षं हसण्याची गेली. दोघं दुपारी टेबलावरच भाकर खायचे. बद्री घरून डबा आणायचा तो आसराबाईला द्यायचा आणि स्वतः तिच्या हातचा ठेचा खायचा. मोठ्या घरातलं पोरगं धनगराच्या दुकानात पडीक असतं म्हणून अडतीवर बोलणं व्हायचं. सर्जेरावांच्या कानावर ते जायचं, पण ते एक अक्षर बोलायचे नाहीत. मुलाशीच बोलणं थांबवलं होतं, तर याबद्दल काय बोलणार.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात बद्रीच्या पायांवर सूज आली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. औरंगाबादच्या खेपा सुरू झाल्या. सर्जेरावांनी खर्चाला मागंपुढं पाहिलं नाही; मुंबईचे डॉक्टर झाले, काढे झाले, नवस झाले. पावसाळ्यानंतर बद्री जुन्या जालन्यातल्या घरी माडीवरच्या खोलीत पडून राहायला लागला. तिथंच त्यानं सहावं चित्र काढलं. खिडकीतून खाली अडतीतला मोठा काटा दिसायचा. दोन पारडी, वर दांडी. तो तराजू त्यानं बारा वेळा मांडला, बारा रंगांत. प्रत्येक घरात काटा थोडा वेगळा कललेला, एकातच सरळ.

धुळाजीनं तो एकट्यानं छापला आणि चाळीस कागद फडक्यात बांधून माडीवर नेले. बद्री उशीला टेकून बसला. पेन्सिल धरली. अकरा सह्या केल्या; एक नंबर नेहमीसारखा धुळाजीकडे सरकवला. बाराव्याला पेन्सिल बोटांतून सुटून गादीवर पडली.

"राहू द्या बद्रीभाऊ. उद्या करू."

"उद्याचं काही खरं न्हाई रे," बद्री म्हणाला. "तू कर."

"मी?"

"तुला येते माझी सही. मला माहितीय. तू शाईच्या डब्यांवर करून बघतोस."

धुळाजी लाजला. खरंच होतं ते.

"कर. छापलंस तू, हात तुझाच लागलाय सगळ्याला. माझ्या डोळ्यादेखत कर."

धुळाजीनं खाली बसून एकोणतीस सह्या केल्या. बद्री डोळे मिटून ऐकत होता. कागदावर पेन्सिलीचा आवाज व्हायचा तेवढाच. शेवटी म्हणाला, "झाल्या?" धुळाजी म्हणाला, "झाल्या." त्यानंतर चौथ्या दिवशी बद्री गेला. वय तेहतीस.

तेराव्याला गर्दी पांगल्यावर सर्जेरावांनी धुळाजीला वर बोलावलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. फडक्यातलं गाठोडं त्यांनी सोडलं होतं आणि मधलाच एक कागद काढून मांडीवर घेतला होता. तेवीस नंबर.

"हा माझ्या अडतीतला काटा हाय न्हाई का रे?"

"हो आबा."

"माझाच काटा काढला त्यानं." सर्जेरावांनी चित्रातल्या दांडीवरून बोट फिरवलं. "मी त्याला काट्याशी बस बस म्हणत राह्यलो, अन् त्यानं बघ कसा काढला. अन् ही... ही सही? त्याच्या हातची ना?"

म्हाताऱ्याचं बोट त्या दोन अक्षरांवर होतं. धुळाजीच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं. अकरापैकी एखादा कागद काढून द्यावा, म्हणावं आबा, तो नको, हा घ्या. पण सर्जेराव रडत होते आणि तो कागद त्यांनी छातीशी धरला होता.

"हो आबा," धुळाजी म्हणाला.

तेवीस नंबर काचेत बसून बैठकीच्या भिंतीवर गेला. सर्जेराव रोज सकाळी अंघोळ करून देवाला फूल वाहायचे आणि मग त्या काचेसमोर उभे राहून सहीच्या जागी बोटं टेकवायचे, कपाळाला लावायचे. घरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. धुळाजीलाही कळलं. त्यानंतर तो त्या घरी जाणं टाळायला लागला.

बाकीचे तराजू सर्जेरावांनी दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांना दिले. आठवण म्हणून. ते कुठं कुठं गेले, कुणी लिहून ठेवलं नाही.

वर्षभरानं धुळाजी बाजारात मिरच्या घ्यायला गेला होता. बाईनं पुडा बांधून दिला तो मोसंबीच्या चित्राचा. कोपऱ्यात नंबर होता, चौदा, आणि शेजारी ती वाऱ्यानं वाकलेली वेलांटी. मिरच्यांचं तिखट कागदात मुरलं होतं. तो घरी आला, पुडा सोडला, कागद ओल्या फडक्यानं टिपून पाटाखाली दाबून ठेवला आणि पाटावर हात ठेवून बसून राहिला. आसराबाईनं विचारलं तर म्हणाला, "दोनशे चाळीस हायेत असे. बाकीचे कुठं असतील?"

तिथून त्याचं हुडकणं सुरू झालं. बारा वर्षं चाललं. आठवड्याला एक दिवस दुकान बंद; धुळाजी पिशवी खांद्याला लावून एसटीत बसायचा. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा. कुठल्या न्हाव्याची बदललेली जागा, कुठल्या कंडक्टरचं सासर. सोबत नव्या देवांच्या तसबिरी आणि एक-दोन भिंतीवरची घड्याळं असायची. जुनं चित्र द्या, हे घ्या. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला वेड लागलंय. काही जण म्हणायचे, यात काहीतरी गोम आहे, आणि द्यायचे नाहीत.

जांब समर्थजवळच्या वस्तीवर सोनूबाई नावाची म्हातारी होती. तिनं गोटीसोडा खिडकीच्या फुटक्या तावदानावर चिकटवला होता.

"मावशी, हे मला द्या. तावदान बसवून देतो."

"कामून? काय हाय त्याच्यात?"

"असे चाळीसच हायेत जगात."

"चाळीस?" सोनूबाईनं चित्राकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "मंग माझ्याकडंच राहू दे की एक. माझ्याकडं जगात चाळीस असलेलं दुसरं काय हाय?"

धुळाजीनं तावदान बसवून दिलं आणि चित्र तिच्याकडंच ठेवलं, फक्त उन्हातून काढून आतल्या भिंतीला लावून दिलं. वहीत लिहिलं: गोटीसोडा, ३१, सोनूबाईकडे, बरा आहे.

ती वही शाळेच्या पोरांची असते तसली, दुरेघी. प्रत्येक प्रत कुठं सापडली, कशी आहे. धुळाजीची प्रतवारी बापाकडून आलेली होती. कागद कोरा, रंग ताजा, तर 'धडधाकट'. घडी पडली, कोपरा फाटला, तर 'लंगडा'. पाणी लागलं, वाळवी लागली, तर 'मेला'. मेलेलेही तो आणायचाच. ट्रंकेत तळाला ठेवायचा. आसराबाई म्हणायची, "माणसं मेल्यावर जाळतेत. तुमचं कागदाचं निराळंच." पण ट्रंकेत कडुलिंबाचा पाला तीच घालायची, आणि दर उन्हाळ्यात तो बदलायचीही तीच.

दोन हजार सालापर्यंत एकशे सात प्रती जमल्या. तोवर दुकान थंडावलं होतं. बियाण्याच्या पिशव्या चकचकीत प्लास्टिकच्या झाल्या, लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर गेल्या. धुळाजी एका गोदामावर राखणदार म्हणून जायला लागला. खोली तेवढी ठेवली, ट्रंकांसाठी.

आणि एकाएकी त्या कागदांना किंमत आली. बद्रीसोबत शिकलेल्या कुणी मुंबईत एका प्रदर्शनात त्याची पाच चित्रं मांडली. वर्तमानपत्रात छापून आलं, जाणकार लोक विचारायला लागले, आणखी आहेत का. पुण्यात चित्रांचं दालन चालवणारे धर्मराज म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे अंबडचेच. ते उषाताईंचा पत्ता काढत औरंगाबादला पोचले आणि ताई त्यांना घेऊन मस्तगडात आल्या.

धर्मराज दोन दिवस त्या खोलीत बसले. हात धुऊन, पुसून, एकेक कागद कडांना धरून बघायचे. भिंग होतं. कागदाची कड कापलेली आहे का, रंग उडालाय का, एका रंगावर दुसरा चढलाय का. धुळाजी शेजारी उकिडवा बसून होता. मग धर्मराजांनी दुरेघी वही मागितली आणि आपली यादी तिच्याशी ताडून बघितली.

"धुळाजी, तुमच्या धडधाकट-लंगड्यात आणि माझ्या यादीत कुठंच फरक नाही," ते म्हणाले. "हे कुठं शिकलात?"

"मेंढरांत."

ते हसले. मग म्हणाले, "एक नंबरच्या सहाच्या सहा प्रती तुमच्याकडे आहेत आणि एकदम कोऱ्या. असा पूर्ण संच दुसरीकडे कुठंच नाही. माझ्या माहितीत तरी नाही. खरी किंमत त्याला आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तराजूच्या प्रती एका ओळीत मांडल्या. सात होत्या. भिंग एकावरून दुसरीवर गेलं, परत पहिलीवर आलं. 

"एक आणि सहा नंबरची वेलांटी डावीकडे कलते," ते शेवटी म्हणाले. "बाकी पाचांची भिंगातून केसभर सरळ दिसते. असं का?"

उषाताई बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. धुळाजीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. "बारापासून पुढं मी केल्या," तो म्हणाला, आणि माडीवरचं सगळं सांगितलं.

धर्मराजांनी भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तुम्ही खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. पण त्याची सही म्हणूनही मला लिहिता येणार नाही. यादीत तसं नोंदवावं लागेल."

"लिवा," धुळाजी म्हणाला. "खरं ते लिवा."

"धुळाजीदादा," उषाताई उठून उभ्या राहिल्या, "आबांकडचा तेवीस आहे."

"हो ताई."

"त्यांना नका सांगू. पाया पडते तुमच्या."

धुळाजी काय सांगणार होता? तेरा वर्षं त्यानं हेच तर केलं होतं.

पण धर्मराजांना यादीसाठी तेवीस नंबर बघायचा होता, आणि सर्जेरावांनी स्वतःच निरोप पाठवला होता, पाहुण्यांना घेऊन या, जेवायलाच या. नाही कसं म्हणणार. सर्जेराव तेव्हा ब्याऐंशीचे. अडत बंद होऊन वर्षं झाली होती. धोतर नेसून, टोपी घालून ते बैठकीत वाट बघत होते. मुलाचं नाव पेपरात आल्यापासून ते पुन्हा ताठ बसायला लागले होते, असं उषाताई वाटेत म्हणाल्या होत्या.

चहा झाला. सर्जेरावांनी स्वतः उठून काच भिंतीवरून उतरवली आणि धर्मराजांच्या मांडीवर दिली.

"विकायचा न्हाई बरं का. पण सांगा, काय किंमत होईल? नुसतं ऐकायचंय. मी त्याला कवडीमोल म्हणलो होतो."

धर्मराजांनी काचेतून कोपऱ्यात बघितलं. न कळत त्यांची नजर धुळाजीकडं गेली. म्हाताऱ्याची नजर त्या नजरेमागोमाग गेली.

"काय रे धुळाजी?"

उषाताई म्हणाल्या, "आबा, जेवायला वाढलंय..."

"थांब. काय रे?"

धुळाजी उठून उभा राहिला. उंबऱ्याजवळ उभा राहायचा तसा, हात जोडून. "आबा, ती सही माझी हाय."

"काय म्हणतो?"

"बद्रीभाऊंचा हात चालंना. त्यांनीच सांगितलं, तू कर म्हणून. अकरा त्यांनी केल्या, बाकी मी. तुम्ही इचारलं तवा मला... मला सांगता न्हाई आलं."

सर्जेरावांनी काचेकडं बघितलं. मग आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडं. चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर धुळाजीनं त्या आनंदानं घेतल्या असत्या.

"म्हणजे तेरा वर्षं मी तुझ्या पाया पडलो का रे?" ते एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

 त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

घरी येऊन त्यानं ट्रंक उघडली. आसराबाई दारात उभी राहून बघत होती. त्यानं एक नंबरचा तराजू काढला.

"त्याच्यानं तुमचा संच मोडंल," ती म्हणाली.

"मोडू दे."

"त्या पुण्याच्या सायबाला काय सांगाल?"

"सांगतो मी. म्हाताऱ्याकडं त्याच्या पोराचा हात नगं का?"

 तिनंच दुहेरी कागद आणला, वरून जुन्या धोतराचं पान घातलं, सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी धुळाजी ते घेऊन जुन्या जालन्यात गेला. सर्जेराव बैठकीत एकटे होते. भिंतीवर काचेच्या जागी चौकोनी पांढुरका डाग होता.

"आबा, हा एक नंबर. ही त्यांची सही हाय. मला त्यांनी स्वतः दिल्ता. देवाशप्पथ."

सर्जेरावांनी पुडकं घेतलं. वजन घेतल्यासारखं हातावर धरलं आणि शेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

"सोडून बघा ना आबा."

"बघीन," ते म्हणाले. "तू जा आता."

धर्मराजांना धुळाजीनं सांगितलं तेव्हा ते हळहळले, पण आग्रह केला नाही. पहिल्या पाच चित्रांच्या धडधाकट प्रती आणि तराजूचा सहा नंबर पुण्याला गेले. पैसा घरच्यांच्या नावानं उषाताईंकडे आला, त्यातला अर्धा त्यांनी धुळाजीला दिला. त्यानं घेतला, नको म्हणायला तो काही साधू नव्हता. आसराबाईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, खोलीवरचे पत्रे बदलले. सहीच्या भानगडीची तराजूची पाच चित्रं मात्र धर्मराजांनी नेली नाहीत.

सर्जेराव पुढच्या साली, माघात, झोपेतच गेले. धुळाजी गोदामावर होता. त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. गेला तेव्हा उषाताई बैठकीत सतरंजीवर बसल्या होत्या. धुळाजी उंबऱ्याजवळ बसला. मग त्याच्यानं राहवलं नाही.

"ताई, त्यांनी तो बघितला का?"

उषाताईंनी कोनाड्याकडं हात केला. पुडकं तिथंच होतं. आसराबाईनं बांधलेली सुतळी तशीच होती, गाठसुद्धा तीच.

"मी किती वेळा म्हणाले, आबा, सोडून देऊ का," त्या म्हणाल्या. "नको म्हणायचे. एकदा म्हणाले, आता कशालाही हात लावायचा म्हणलं की भ्या वाटतं."

धुळाजीनं मान हलवली. उषाताईंनी पुडकं परत घेऊन जा म्हटलं, त्यानं नेलं नाही. तिथंच असू द्या म्हणाला, त्यांचं आहे ते. बाहेर आला आणि चपला सापडेनात म्हणून कितीतरी वेळ पायऱ्यांवर उभा राहिला. चपला पायातच होत्या.

त्यानंतर तो कागद हुडकायला कधी गेला नाही. दोन वर्षांनी परतूरहून वसंता नावाच्या ओळखीच्या दुकानदाराचा निरोप आला. एका जुन्या घराची आवराआवर चाललीय, माळ्यावर तराजूचं चित्र निघालंय, नंबर सात, कागद कोरा आहे, या लवकर. सात म्हणजे अकरातला. आसराबाईनं भाकरी बांधून पिशवी दाराशी ठेवली.

"जाताय ना? नऊची गाडी हाय."

धुळाजी खाटेवर बसून होता. नऊची गाडी गेली, साडेदहाची गेली. दुपारी आसराबाईनं पिशवीतली भाकरी काढून त्याच्यापुढं ठेवली, आणि दोघांनी ती खाल्ली.